जकातीची साडेतीनशे वर्षे

डिसेंबर 1671. शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना एक पत्र पाठवले. विषय मिठाचा होता. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त मिळत होते आणि संगमेश्वराकडे स्वराज्यातले मीठ त्याहून महाग पडत होते. घाटावरून बैल घेऊन उतरणारे व्यापारी साहजिकच बारदेशाकडे वळू लागले. महाराजांनी सरसुभेदारांना आज्ञा केली की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, इतकी की ते आपल्या मिठापेक्षा स्वस्त राहू नये. तसे केले नाही तर आपली मिठागरे आणि बंदरे बसतील, हा त्यामागचा विचार होता.

करांचा इतिहास वाचताना हे पत्र पुन्हा पुन्हा आठवते. बाजारात काय चालले आहे हे ज्याला ठाऊक आहे, दर बदलण्याचा अधिकार ज्याला आहे आणि नुकसान झाले तर ज्याला सोसायचे आहे, तो इथे एकच आहे. पुढच्या साडेतीनशे वर्षांत या तीन गोष्टींची फारकत होत गेली. गावाच्या वेशीवर माल अडवून घेतली जाणारी जकात कधी राजाकडे, कधी कंपनीकडे, कधी नगरपालिकेकडे गेली आणि अखेर 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा करात विरून गेली. केंद्र, राज्य आणि शहर यांच्यात कराचा पैसा कसा वाटला जातो हे समजून घ्यायचे असेल, तर महाराष्ट्रात जकातीचा माग काढण्याइतकी चांगली वाट दुसरी नाही.

पेशवाईत जकात मुक्कामामुक्कामावर होती. माल भरला तिथे एक, विकला तिथे दुसरी, आणि मधल्या प्रत्येक चौकीवर वाटेतली वेगळी. चौक्या मक्त्याने दिल्या जात. कोणती चौकी सरकारची, कोणती जहागीरदाराची, कुठे किती द्यायचे, याचा हिशेब सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यातून हुंडेकरी हा पेशाच उभा राहिला. व्यापाऱ्याने एक ठरावीक रक्कम द्यायची आणि हुंडेकऱ्याने वाटेतल्या सगळ्या चौक्यांची देणी भागवून माल मुक्कामी पोचवायचा. दुसरीकडे, नवी पेठ वसवायची असली की व्यापाऱ्यांना कौल देऊन काही वर्षे कर माफ केला जाई. कर कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा, यावरच शहरे वाढतात किंवा खुंटतात, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के माहीत होते.

1818 नंतर या चौक्या कंपनी सरकारच्या हाती आल्या. वाटेतल्या जकातींनी देशी धंद्याचे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट चित्र बंगालमधून आले. चार्ल्स ट्रेव्हेलियन या तरुण अधिकाऱ्याने 1834च्या सुमारास तिथल्या अंतर्गत जकातींवर अहवाल लिहिला. कच्च्या कातड्यावर जकात, ते कमावून चामडे झाले की पुन्हा जकात, आणि चामड्याचे जोडे झाले की तिसऱ्यांदा. कारागिराच्या हातून माल जितका पुढे सरके तितका कर चढत जाई. करावर कर बसण्याचा हा दोष पुढे जवळजवळ दोनशे वर्षे आपल्या करपद्धतीत या ना त्या रूपाने टिकून राहिला.

बंगालपाठोपाठ मुंबई इलाख्यातही 1837-38च्या सुमारास वाटेतल्या जकाती उठल्या. पण सोडलेले उत्पन्न सरकारने दुसऱ्या दाराने आत घेतले. 1837 मध्ये इलाख्यातल्या मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. 1844 मध्ये शहरांतल्या जकाती आणि कारागीर व दुकानदारांवरचा मोहतर्फा रद्द झाला आणि त्याच वेळी मिठाचा कर आठ आण्यांवरून एक रुपया झाला. ऑगस्टमध्ये सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, आणि सरकारला तो दर बारा आण्यांवर आणावा लागला. व्यापारी सुटला आणि त्याचा भार मीठ-भाकरी खाणाऱ्याच्या ताटात गेला. एखादा कर रद्द होतो तेव्हा त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर गेले, हे विचारायला सुरतेच्या लोकांनी शिकवले.

जकात फार काळ दूर राहिली नाही. 1850च्या कायद्याने ज्या गावांना हवी त्यांना नगरपालिका काढता येऊ लागली आणि खर्चासाठी अप्रत्यक्ष कर घेण्याची मुभाही मिळाली. मुंबई इलाख्यात हा कायदा चांगलाच रुजला. घरपट्टी गोळा करणे अवघड होते, लोकांचा तिला विरोध होता. वेशीवरची जकात मात्र लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. नगरपालिकांचा दिवाबत्तीचा, पाण्याचा आणि रस्त्यांचा खर्च तिच्यावरच मोठ्या प्रमाणात चालू लागला.

तिचा चिमटा कोणाला बसतो हे जोतीराव फुले यांनी दाखवून दिले. फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेने पैसे खर्च करू नयेत, ते शिक्षणावर खर्चावेत, अशी भूमिका त्यांनी सभागृहात घेतली. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शहराच्या वेशीवर शेतकऱ्याच्या मालावर पडणाऱ्या जकातीचा भारही त्यांनी मांडला. जकात शहर चालवते, पण ती शेतकऱ्याच्या गाडीतूनही वसूल होते. म्हणून तो पैसा कुठे जातो याचा जाब शहराला द्यावा लागेल, ही त्यांच्या भूमिकेतली खरी धार होती.

याच काळात वरच्या पातळीवर दुसरा खेळ चालू होता. 1833च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानचा सगळा महसूल कलकत्त्याच्या तिजोरीत एकवटला होता. मुंबई किंवा मद्रास प्रांताला एखादा रस्ता बांधायचा तरी कलकत्त्याकडे हात पसरावा लागे. 1857 नंतर तिजोरी कर्जात बुडाली तेव्हा लॉर्ड मेयो यांनी 1870 मध्ये पोलीस, शिक्षण, आरोग्य, रस्ते अशी खाती प्रांतांकडे सोपवली. त्यासोबत एक ठरावीक रक्कम दिली, आणि तुटीची सोय स्थानिक कर बसवून प्रांतांनीच करावी असे सांगितले. जबाबदारी खाली आली, पैशाची किल्ली वरच राहिली. लॉर्ड रिपन यांनी मे 1882च्या ठरावाने लोकनियुक्त स्थानिक संस्थांना बळ देण्याचा प्रयत्न केला. मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या पुढाकाराने 1888चा महापालिका कायदा उभा राहिला. तोच कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजही मुंबईचा कारभार चालवतो.

केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या या पैशाच्या व्यवहाराचा पहिला सखोल अभ्यास एका मराठी माणसाने केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ 1925 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरेटसाठी केलेले हे काम होते आणि त्याला त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. आंबेडकरांनी 1871 नंतरच्या व्यवस्थेचे तीन टप्पे पाडले. आधी प्रांतांना ठरावीक रक्कम मिळे. मग उत्पन्नाची काही साधने नेमून दिली गेली. त्यानंतर काही उत्पन्न केंद्र आणि प्रांत वाटून घेऊ लागले. अंदाजपत्रके, कायदे आणि ठराव बारकाईने तपासून त्यांनी दाखवले की या सगळ्या काळात प्रांतांचे आर्थिक स्वातंत्र्य दिसायला होते, कायद्याने नव्हते. केंद्राने दिले तेवढेच त्यांचे, आणि दिलेले परत घेण्याचा अधिकारही केंद्राचाच. आजच्या महापालिकांची अवस्था समजून घ्यायला शंभर वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ अजूनही उपयोगी पडतो.

1935च्या कायद्याने प्रांतांना पहिल्यांदा कराचे स्वतंत्र हक्क लिहून दिले. त्यांची कसोटी नागपुरात लागली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने 1938 मध्ये पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. केंद्र सरकारने हरकत घेतली. उत्पादन शुल्क केंद्राचे असताना प्रांत त्याच वस्तूवर कर कसा घेऊ शकतो, असा प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेला. कोर्टापुढे आलेले हे पहिलेच प्रकरण होते. सर मॉरिस ग्वायर, शहा मुहम्मद सुलेमान आणि मुकुंदराव जयकर या तिघा न्यायमूर्तींनी प्रांताच्या बाजूने मत दिले. कारखान्यातून माल निघताना लागणारा कर वेगळा आणि तो माल विकताना लागणारा कर वेगळा, हा भेद त्यांनी मान्य केला. राज्यांच्या विक्रीकराचा पाया या निकालावर उभा राहिला. पुढच्याच वर्षी मद्रासने सर्वसाधारण विक्रीकर आणला, 1946 मध्ये मुंबई प्रांताने आणला, आणि स्वातंत्र्यानंतर अनेक दशके राज्यांच्या तिजोरीचा तोच मोठा आधार राहिला.

राज्यघटनेने ही वाटणी अधिक नेटकी केली. आयकर, सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क केंद्राकडे; विक्रीकर, जमीन महसूल, मद्यावरचा कर आणि मुद्रांक शुल्क राज्यांकडे. केंद्राची वसुली मोठी आणि राज्यांचा खर्च मोठा, म्हणून दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमून केंद्राच्या करातला वाटा राज्यांना देण्याची तरतूद झाली. के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या आयोगाने आयकरातले 55 टक्के राज्यांना दिले. 2000च्या घटनादुरुस्तीनंतर केंद्राचे जवळजवळ सगळे कर वाटणीत आले आणि पंधराव्या आयोगाने राज्यांचा वाटा 41 टक्के ठरवला. उपकर आणि अधिभार मात्र या वाटणीबाहेर राहिले. केंद्र जितका उपकर वाढवते तितका राज्यांच्या वाटणीचा गोळा लहान होतो. म्हणूनच राज्ये आजही त्याबद्दल तक्रार करतात.

शहरांचे काय? घटनेत कराच्या दोनच याद्या आहेत, केंद्राची आणि राज्यांची. स्थानिक भागात वापरासाठी येणाऱ्या मालावरचा कर, म्हणजे आपली जकात, राज्यांच्या यादीत 52व्या क्रमांकावर बसली. शहरांना जे काही मिळेल ते राज्याच्या कायद्यातून मिळणार, असे ठरले. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, बाराव्या अनुसूचीत 18 कामे लिहिली, राज्य वित्त आयोग सक्तीचा केला. पण त्या 18 कामांसमोर करांची यादी लिहिली नाही. कोणता कर द्यायचा, ते राज्याच्या मर्जीवर राहिले.

महाराष्ट्राकडे या बाबतीत एक वेगळा अनुभव होता. 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला आणि त्याचा पैसा रोजगार हमी योजनेसाठी बाजूला काढला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेत शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रुपयाने दुष्काळी तालुक्यातल्या मजुराला काम मिळत असे. आपला कर कुठे जातो हे लोकांना माहीत होते, म्हणून तो टिकला.

जकातीबद्दल मात्र तसा विश्वास उरला नव्हता. नाक्यांवर ट्रक तासन्‌तास उभे राहत. मालाची किंमत कमी दाखवून सुटणे, त्यासाठी चिरीमिरी देणे, शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालासाठीही अनामत भरून ती परत मिळवण्याची खटपट करणे, हे व्यापाराचे रोजचे दुखणे झाले होते. मध्य प्रदेशाने 1976 मध्ये, कर्नाटकाने 1979 मध्ये आणि गुजरातने 2007 मध्ये जकात सोडली. महाराष्ट्राने 1999 मध्ये नगरपालिकांची जकात रद्द करून त्यांना अनुदानावर टाकले, पण महापालिकांना ती ठेवू दिली. कारण उघड होते. वाहन उद्योगाच्या जोरावर पिंपरी-चिंचवड श्रीमंत महापालिका बनली आणि मुंबईत 1965 पासून असलेली जकात पालिकेच्या उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन ठरली. शहर वाढले, माल जास्त आला, की त्याच शहराची तिजोरी भरत होती. हा जकातीचा गुण तिच्या दोषांइतकाच खरा होता.

जकातीऐवजी 2010 पासून काही महापालिकांत स्थानिक संस्था कर आला आणि 2013 मध्ये मुंबई सोडून पुणे, ठाण्यासह इतर मोठ्या शहरांत पोचला. तिथले नाके उठले आणि व्यापाऱ्याने वह्यांच्या आधारे स्वतःच कर भरायचा ठरला. विक्रीकराच्या जागी आलेल्या मूल्यवर्धित कराच्या जोडीला आणखी एक हिशेब आणि आणखी एक तपासणी नको, म्हणून व्यापाऱ्यांनी त्या वर्षी दुकाने बंद ठेवून आंदोलन केले. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना या करातून सूट मिळाली आणि महापालिकांची तूट राज्याने भरून द्यायची ठरली. शहरांच्या हातातून कर निसटण्याची सुरुवात खऱ्या अर्थाने तिथे झाली.

मग वस्तू व सेवा कर आला. 2016च्या 101व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या यादीतली 52वी नोंद वगळली आणि जकातीचा घटनात्मक आधारच संपला. नव्या कराने ट्रेव्हेलियनच्या कातडे-चामडे-जोड्यांचा प्रश्न सोडवला. आधीच्या टप्प्यावर भरलेला कर पुढच्या टप्प्यावर वजा मिळू लागला. चाकणला बनलेली गाडी नागपुरात विकली तर कर केंद्र आणि महाराष्ट्र निम्मा-निम्मा वाटून घेतात. तीच पाटण्यात विकली तर एकात्मिक कर आधी केंद्राकडे जातो आणि राज्याचा हिस्सा बिहारला मिळतो. कर माल बनतो तिथे न जाता माल वापरला जातो तिथे जातो. महाराष्ट्रासारख्या कारखानदार राज्याने ही व्यवस्था देशाच्या हितासाठी स्वीकारली. दर ठरवण्याचे काम वस्तू व सेवा कर परिषदेकडे गेले. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश, सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश पाठिंबा लागतो. या परिषदेत शहरांना जागा नाही.

मे 2017 मध्ये विधिमंडळाचे खास अधिवेशन भरले. राज्याच्या वस्तू व सेवा कराच्या कायद्यासोबत स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा कायदाही मंजूर झाला. 2016-17चे उत्पन्न पाया धरून त्यात दरवर्षी आठ टक्के चक्रवाढीने भर घालायची, असे त्यात ठरले. 30 जूनच्या मध्यरात्री दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि मानखुर्दचे नाके थांबले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात राज्याने मुंबई महापालिकेला सुमारे 647 कोटी रुपयांचा पहिला धनादेश दिला. ट्रक थांबायचे थांबले, इंधन आणि वेळ वाचला, चिरीमिरीचा एक मोठा बाजार बंद झाला. हे सगळे चांगलेच झाले आणि कोणीही शहाणा माणूस ते नाके परत मागणार नाही.

पण तिजोरीची किल्ली कुठे गेली हे पाहायला हवे. राज्यांनाही केंद्राने भरपाईचे वचन दिले होते, दरवर्षी 14 टक्के वाढीने, पाच वर्षांसाठी. एप्रिल 2020च्या टाळेबंदीत देशाची वस्तू व सेवा कराची वसुली 32,172 कोटींवर घसरली, मार्चमध्ये ती 97,000 कोटींच्या वर होती. भरपाईसाठी लावलेला उपकर पुरेना, केंद्राने कर्ज काढून ते राज्यांना दिले, आणि जून 2022 मध्ये भरपाईची मुदत संपली. राज्यांना निदान परिषदेत भांडायला जागा होती. शहरे मात्र राज्याच्या धनादेशाची वाट पाहतात. शहराची अर्थव्यवस्था दुप्पट झाली तरी भरपाई ठरलेल्या सूत्रानेच वाढते. मालमत्ता कर हा शहरांचा उरलेला मोठा आधार. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना त्यातून सूट देण्याचा निर्णय 2022च्या पहिल्याच दिवशी जाहीर झाला, तोही राज्य सरकारकडून. त्याच वर्षी मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईचा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला.

आंबेडकरांनी 1871च्या प्रांतांबद्दल जे दाखवले ते आज शहरांना तंतोतंत लागू पडते. कामे सोपवली, रक्कम ठरवून दिली, अधिकार वरच ठेवला. प्रांतांना त्या अवस्थेतून बाहेर यायला 1935 साल उजाडावे लागले आणि नागपूरला आपला हक्क कोर्टात सिद्ध करावा लागला. शहरांच्या वाट्याला तो दिवस अजून आलेला नाही.

जकात गेली ते योग्यच झाले, पण तिच्या जागी शहरांना हक्काचा कर मिळायला हवा होता आणि मिळाली ती मदत. राज्याच्या वाट्याच्या वस्तू व सेवा करातला ठरावीक हिस्सा, त्या शहरातल्या व्यवहाराशी जोडून, कायद्याने महापालिकांना आणि नगरपालिकांना मिळाला पाहिजे. राज्य वित्त आयोग वेळेवर नेमले गेले पाहिजेत, त्यांचे अहवाल विधिमंडळात चर्चेला आले पाहिजेत आणि शिफारशी नाकारायच्या असतील तर त्यांची कारणे लेखी दिली गेली पाहिजेत. आपल्या वॉर्डातला उमेदवार मत मागायला येईल तेव्हा रस्ते आणि नळ यांच्याइतकाच हा प्रश्नही विचारा: शहराच्या उत्पन्नात शहराने स्वतः ठरवलेला पैसा किती, आणि राज्याने पाठवलेला किती? जोवर मतदार हे विचारत नाहीत, तोवर आपल्या शहराचा अर्थसंकल्प मंत्रालयातच ठरत राहील.